गोखरूचं दुखणं

कपडे धुवायच्या यंत्रात टाकताना वहिनीला तो डाग दिसला. पांढऱ्या टॉवेलच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा, मधे तांबूस आणि भोवती गुलाबी. टॉवेल वन्संचा होता. वहिनीने तो खिडकीच्या उजेडात धरला, ओल्या बोटाने चोळून पाहिला आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर मटकन बसली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन आल्यावर वहिनीने हा जुनापुराणा शब्द गंमत म्हणून वापरला आणि तो तोंडात बसला तो बसलाच. वन्संनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक आणि तोंडात एक जादा जीभ. "आरशात बघा, आरशात! भांग पाडायला नाही लावलाय तो!" हे वाक्य शहरातल्या अर्ध्या डॉक्टर-वकिलांनी ऐकलेलं होतं. वहिनीचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षाचा बराचसा काळ पाण्यावर. त्यामुळे घरात या दोघीच. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतात, असं लोक विचारायचे. राहत होत्या. एक तलवार सारखी खणखणायची आणि दुसरी सारखी काळजी करायची, इतकंच.

काळजीला कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी वन्संना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला होता. पाळी जाऊन कैक वर्षं झालेली असताना रक्त दिसायला लागलं, आणि या बाईने ते कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही. "परीक्षेचा मोसम होता, पोरांची लायसन्सं अडली असती," म्हणे. शेवटी वहिनीलाच धुण्यात डाग सापडला, तेव्हा कुठे तोंडातून शब्द बाहेर आला. मग ऑपरेशन, मग रेडिएशन, मग दर काही महिन्यांनी तपासणी. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही.

आणि आता हा डाग. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वहिनीचं मन तर या कामात भलतंच तयार होतं. यंत्र सुरू होऊन पाणी भरेपर्यंत ते थेट स्मशानापर्यंत जाऊन आलं.

ती विचारू शकली असती. पण मागच्या वेळी विचारल्यावर वन्सं अशा काही भडकल्या होत्या की भिंतीवरचं घड्याळ हललं असतं. म्हणून तिने विचारलं नाही, नुसती पाळत ठेवली. वन्संनी टोस्ट अर्धा टाकला, तिने पाहिलं. वन्सं बाथरूममध्ये जरा जास्त रेंगाळल्या, ती बाहेर चपला नीट लावत बसली. जिना चढताना वन्सं मधेच थांबल्या, हिचा श्वास थांबला. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे वहिनीचं काम. त्या आठवड्यात तिने एका आजोबांची उजवी काच डावीकडे बसवली. आजोबा दारातल्या पायरीवर अडखळले आणि मालक पहिल्यांदाच तिला चार शब्द बोलले.

"काय गं," वन्सं एकदा चहा पिताना म्हणाल्या, "सारखी माझ्या डोळ्यांत काय बघतेस? नंबर काढतेस का माझा?"

"छे, कुठे काय."

"मग तोंड का असं सुतकी?"

वहिनी उठून उगीच कपबशा विसळायला लागली. दोन दिवसांनी दुसऱ्या टॉवेलवरही डाग निघाला, पहिल्याहून मोठा.

तिने नवऱ्याला फोन लावला. मागे इंजिनाची घरघर होती.

"अगं, सरळ विचार ना ताईला."

"तुम्ही विचारा. तुमची बहीण आहे."

"मी समुद्रात आहे."

"हो, असं काही झालं की असताच."

तिने फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी वन्सं रोजच्यासारख्या टीव्हीसमोर मांडीवर टॉवेल पसरून बसल्या होत्या आणि टॉवेलच्या घडीत गोखरू होती. गोखरू म्हणजे त्यांची हेजहॉग. तळहातावर मावेल एवढा प्राणी, पाठभर आखूड काटे, पोट मऊ, नाक लांब आणि सदा ओलं. दिसायला साळिंदराची बुटकी पुतणी म्हणावी अशी. गाडी शिकायला आलेली एक मुलगी परदेशी जाताना तिला वन्संच्या गळ्यात मारून गेली होती, ते नेमकं उपचारांच्या वर्षात. वन्संनी पहिल्या दिवशी तिला उचललं तेव्हा ती अंगाचा गोळा करून स्वेटरला अशी अडकली की निघता निघेना. "रस्त्याकडेचा गोखरूच आहे हा," वन्सं म्हणाल्या, आणि बारसं झालं. त्या काळात वन्संना कोणी जवळ आलेलं खपत नसे. ही काट्यांची गोळी मात्र पोटाशी चालायची.

वहिनी दारात उभी राहिली. आज विचारायचंच, असं ठरवून ती आली होती. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"वन्सं, तुम्ही पुन्हा लपवताय ना?"

"काय लपवतेय?"

"रक्त." तिचा आवाज चिरकला. "दोन टॉवेल निघाले धुण्यात. मी काय आंधळी आहे? दिवसभर भिंगांशीच खेळते मी! मागच्या वेळी लपवलंत, कुठवर आलं होतं प्रकरण, आणि आता पुन्हा..."

पुढे तिला बोलवेना. वन्संनी टीव्ही बंद केला. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. भडकतील म्हणून वहिनी तयार होती, पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "शपथेवर सांगते, मला काही दिसलेलं नाही." त्या उठून बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मान हलवली. "नाही. काही नाही. कुठले टॉवेल म्हणतेस तू?"

"हेच. तुमचे पांढरे."

दोघींची नजर एकदमच खाली गेली. खुर्चीवर ठेवलेल्या टॉवेलच्या घडीतून ओलं नाक बाहेर आलं होतं.

वन्संनी पिंजऱ्यावरचा दिवा लावला. गोखरूच्या पळायच्या चाकाच्या आतल्या बाजूला तपकिरी रेघ वाळून बसली होती. त्यांनी पांढरा कागद अंथरून तिला त्यावर ठेवलं. ती जराशी हुंगत फिरली, कोपऱ्यात थांबली, आणि कागदावर ओल पसरली. त्या ओलीत लाल दोरा विरघळत गेला.

वहिनीच्या छातीवरचा धोंडा गडगडत खाली गेला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आणि पाठोपाठ तिला इतकी लाज वाटली की तिने मान वर केली नाही.

"सुटलीस ना?" वन्सं म्हणाल्या. "दिसतंय तोंडावर."

"नाही हो, तसं नाही..."

"असू दे. मीही सुटलेच की." त्यांनी गोखरूला उचललं. "सुटले, पण हिच्यावर ढकलून."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई धिप्पाड होत्या, मनगटं पैलवानासारखी, पण गोखरूला त्यांनी लोण्याचा गोळा उचलावा तसं उचललं. गोखरूने लगेच अंगाचा गोळा केला आणि फुसफुसायला लागली.

"वय?"

"चार संपली."

"म्हणजे आजीबाईच की. आजीबाई पोट दाखवायच्या नाहीत अशा. थोडं गुंगीत घ्यावं लागेल."

गोखरूला पारदर्शक डब्यात ठेवून त्यात नळीने गुंगीचा वायू सोडला. गोळा हळूहळू सैल होत उलगडला आणि ती कुशीवर लवंडली. गुलाबी पाय, विरळ केसांचं पोट. एवढ्या वर्षांत वहिनीने तिला अशी उघडी कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आपण पाहू नये. डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर राखाडी धुरळा होता. त्यात एका जागी त्या थांबल्या, पुढे गेल्या, परत मागे आल्या.

"या प्राण्यांना पाळी येत नाही," त्या म्हणाल्या. "वय झालेल्या मादीला असं रक्त दिसलं की बहुतेक वेळा गर्भाशयात काहीतरी असतं. इथेही आहे. ही बघा गाठ."

"गर्भाशयात," वन्सं म्हणाल्या.

"हो. कॅन्सर आहे का ते काढून तपासल्यावरच कळेल, पण या वयात शक्यता तीच जास्त. या जातीत गाठी फार. कधी इथे, कधी स्तनात, कधी तोंडात."

"पाहिलंस?" वन्सं वहिनीकडे वळून म्हणाल्या. "दुसरं काही दुखणं सापडलं नाही बयेला. माझीच नक्कल करायची होती." त्या हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं तर वाचायची बऱ्यापैकी आशा आहे, पण एवढासा जीव, म्हातारा, भूल झेपेलच असं नाही. नाही केलं तर रक्त जातच राहील, ती थकत जाईल. विचार करा, पण फार दिवस करू नका.

परतताना गाडी वन्सं चालवत होत्या, आणि स्वतःच्याच घराचं वळण त्यांनी चुकवलं. हे आजवर कधी घडलं नव्हतं. वहिनीने मांडीवरचा डबा घट्ट धरला.

घरी आल्यावर बूट काढता काढता वन्सं म्हणाल्या, "ऑपरेशन नाही करायचं."

"का?"

"म्हातारी आहे. चिरायचं, शिवायचं, सुया टोचायच्या, कशासाठी? तिला विचारलंय का कोणी?"

"अहो, पण आशा आहे म्हणाल्या ना त्या."

"आशा सगळेच दाखवतात. तुला काय ठाऊक, टेबलावर झोपल्यावर कसं वाटतं ते? दिवा तोंडावर, आणि आपण म्हणजे कोणीतरी दुरुस्तीला टाकलेलं सामान."

हे बोलणं गोखरूबद्दल नव्हतं, हे कळायला काही भिंग लागत नव्हतं. त्या वेळी वन्सं ऑपरेशनला तयार नव्हत्या. तिने आणि नवऱ्याने त्यांच्यामागे लागून लागून, रडून, भांडून त्यांना तिथवर नेलं होतं. तीन वर्षं हा काटा तिच्या मनात होता. आज तिने तो उपसला.

"म्हणजे तुम्हालाही करायचं नव्हतं. आम्ही जबरदस्ती केली, असंच ना?"

वन्सं खुर्चीत बसल्या. त्या पायातला मोजा नुसता ओढत राहिल्या.

"केलीतच जबरदस्ती," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्हा दोघांचं तोंड बघवत नव्हतं मला. रेडिएशन चालू होतं ना, तेव्हा एकदा वाटलं, तुला ढकलून द्यावं जिन्यावरून."

"अगंबाई!"

"खरं सांगतेय. पण ती वेळ गेली. नंतर किती पोरं शिकवली मी. तो ढब्बू वकील, चौथ्यांदा पास झाला, मला मिठी मारली त्याने लायसन्सच्या ऑफिसात. ते काही मी सोडलं नसतं." त्यांनी मोजा एकदाचा काढला. "मी तर नाहीच म्हणत होते. ते ऐकलं नाहीत ते बरं केलंत. पण तेव्हा मला भीती वाटत होती, एवढं तरी कोणी विचारायला हवं होतं. तुम्ही दोघं नुसतं 'सगळं नीट होईल, सगळं नीट होईल.' पढवलेल्या पोपटांसारखे."

"मलाच इतकी भीती वाटत होती," वहिनी म्हणाली, "की तुमच्या भीतीला जागाच नव्हती घरात."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडून आत बोट घातलं. गोखरूने ते हुंगलं. "भीती वाटते का गं?" त्यांनी तिला विचारलं. आत फुस्स झालं. "वाटते म्हणते. लाव फोन डॉक्टरीणबाईंना."

ऑपरेशनच्या दिवशी दोघी दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. समोर एक गृहस्थ टोपलीत मांजर घेऊन बसले होते आणि मांजर एकसुरी रडत होतं. वन्संनी सगळ्या शिकवण्या रद्द केल्या होत्या. त्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता, शिकाऊच्या गाडीतला जादा ब्रेक दाबावा तसा. वहिनीच्या डोक्यात एकच घोळत होतं, ही टेबलावर गेली तर वन्संना घरी कसं न्यायचं? आधी पाणी द्यायचं, की आधी हात धरायचा? आतलं दार उघडलं की दोघी उठायच्या आणि कोणीतरी बादली घेऊन निघून जायचं.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. टोपी काढली तर केस घामाने चिकटलेले.

"आहे," त्या म्हणाल्या. "मधे श्वास थांबला होता. मलाही घाम फोडला आजीबाईंनी. पण आहे."

गाठ द्राक्षाएवढी होती. चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या जिवात द्राक्ष! तपासणीचा निकाल आला तोही अपेक्षेप्रमाणे, कॅन्सरच. मात्र गर्भाशयाच्या भिंतीबाहेर गेलेला दिसत नव्हता. "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य वन्संना पाठ होतं. त्यांच्या डॉक्टरांचंही तेच होतं.

औषध पाजणं हा एक तमाशाच होता. पिचकारी दिसली की गोखरू गोळा. कोमट ओल्या फडक्यात धरलं की मात्र उलगडायची, हे वहिनीने शोधून काढलं. तेवढ्यात औषध तोंडात सोडायचं. पण नवा वास जिभेला लागला की ती तोंडात फेस काढून, मान वाकडी करून, तो फेस स्वतःच्याच पाठीवर थापायची. त्या जातीची खोडच ती.

"मलम समजतेय औषधाला," वन्सं म्हणायच्या.

"अर्धं औषध पाठीवर गेलं हो! पुन्हा देऊ का? जास्त झालं तर?"

"विचार फोन करून. नाहीतर झोपणार नाहीस."

वहिनी फोन करायची. डॉक्टरीणबाई तिचा आवाज ओळखायला लागल्या होत्या. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर गोखरूला ठेवून वहिनी वजन बघायची आणि आकडा जरा खाली आला की तिचा चेहराही खाली यायचा. "सोनं आहे का ती, तोळामासा करायला?" वन्सं चिडवायच्या. पण काट्याचा आकडा त्याही वाकून बघायच्या. टाके सुकले. टॉवेल पांढरे निघायला लागले. एका संध्याकाळी पिंजऱ्यातून खडखड ऐकू आली. चाक फिरत होतं. वन्संनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दोघी तो खडखडाट ऐकत बसल्या.

असे सात-आठ महिने बरे गेले. वन्संची तपासणीही मधे होऊन गेली, त्यात काही निघालं नाही. वहिनीचा नवरा सुट्टीवर आला, गोखरूने त्याला चावून स्वागत केलं आणि तो परत गेला.

मग गोखरू खाणं सांडायला लागली. कडक दाणे तोंडात घ्यायची आणि टाकून द्यायची. यावेळी वहिनीच्या आधी वन्संच्या लक्षात आलं, आणि त्यांनी लगेच हाक मारली. "इकडे ये गं. हिचा गाल बघ. डावा." गाल सुजला होता आणि तोंडाला घाण वास येत होता.

डॉक्टरीणबाईंनी गुंगीत तोंड उघडून पाहिलं, एक्स-रेचा फोटो काढला. ही वेगळीच गाठ होती, हिरडीतली, आणि जबड्याच्या हाडात उतरलेली. त्यांनी हातमोजे काढले आणि या वेळी ऑपरेशनची टोपी काही घातली नाही. "कापायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "आठवडाभर मऊ अन्न आणि दुखणं कमी करायचं औषध देऊ. ती स्वतःहून खाईनाशी झाली की या."

तो आठवडा वहिनीने उकडलेलं अंडं कुस्करून, पाण्यात कालवून, बोटावर घेऊन चाटवण्यात काढला. रोज तिला वाटायचं, आज जास्त खाल्लं. रोज काटा खोटं ठरवायचा. एका सकाळी गोखरूने बोट हुंगलं आणि तोंड फिरवलं. वहिनी पुन्हा बोट पुढे करत राहिली.

"पुरे," वन्सं म्हणाल्या. "तिने सांगितलं ना तुला."

"एकदा डॉक्टरांना विचारून..."

"वहिनीबाई." वन्संनी तिचं मनगट धरलं. "तुला भीती वाटतेय?"

"हो."

"मलाही. चल."

या वेळी गाडीत डबा नव्हता. गोखरू टॉवेलात, वहिनीच्या पोटाशी. वन्सं फार सावकाश गाडी चालवत होत्या, मागचे लोक भोंगे वाजवत होते आणि त्या चक्क गप्प होत्या. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी गुंगी दिली. वन्संनी तळहात पसरला होता. गोळा हळूहळू उलगडला, गुलाबी पाय सैल झाले, शेवटची सुई बसली, आणि पोट वर-खाली होत होत, जास्त वेळ न लावता, थांबलं. वहिनी इतकी रडली की दोन अनोळखी गृहस्थ बाहेरून डोकावले. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी टॉवेलची घडी नीट केली, डॉक्टरीणबाईंच्या त्या पैलवानी मनगटावर दोनदा थोपटलं, आणि दुपारच्या शिकवणीला गेल्या. त्या दिवशी त्या कोणाला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. शिकाऊ मुलगा घाबरून घरी आईला म्हणाला, बाईंची तब्येत बरी दिसत नाही.

पिंजरा कित्येक दिवस तसाच राहिला. काढायचा विषय कोणी काढला नाही.

उन्हाळा लागता लागता वन्सं एका सकाळी ओट्याशी आल्या आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "हे बघ, चार दिवस झाले, कंबरेत डावीकडे दुखतंय. रक्त नाही. ताप नाही. दुखतंय एवढंच. तुला सांगून ठेवते."

वहिनीच्या हातातला कप बशीवर किणकिणला. मन निघालंच होतं नेहमीच्या वाटेने. तिने कप खाली ठेवला.

"भीती वाटतेय का?"

"थोडी."

"मग आजच जाऊ."

"आज माझ्या तीन शिकवण्या आहेत."

"वन्सं."

"बरं बाई, आजच."

मोठ्या हॉस्पिटलात दिवस गेला. रक्त घेतलं, फोटो काढले, आणि आत बोलावलं तेव्हा वन्संनी उठताना वहिनीचा हात ओढला, म्हणून तीही आत गेली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले. हाडांत काही नव्हतं, नुसता स्नायू आखडला होता. दिवसदिवस गाडीत वाकडं बसून.

"नक्की?" वहिनीने विचारलं.

"नक्की."

"पुन्हा एकदा बघता का?"

डॉक्टरांनी वन्संकडे पाहिलं. "बघा हो," वन्सं म्हणाल्या, "नाहीतर ही जेवणार नाही."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा दिव्यासमोर धरले, आणि दोघी पुढे वाकून त्या राखाडी धुरळ्यात बघत राहिल्या.